बोलणे, बोलणी आणि बोली : वाचकांचे प्रश्न

भाषेविषयीच्या या सदरासाठी या वेळी रोजच्या बोलण्याबद्दलची पत्रे निवडली आहेत. सगळी पत्रे कोकणपट्टीतून किंवा तेथून बाहेर गेलेल्या वाचकांकडून आलेली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. संभाषण औपचारिक असते किंवा अनौपचारिक असते, असे मी वर्गात सांगत होते. तेव्हा एका मुलाने विचारले, ‘बाई, हर्णैच्या बंदरावरचा लिलाव यांतला कुठला?’ मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. रोजच्या बोलण्याचे प्रकार ठरवायचे तरी कसे?

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्याने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. औपचारिक आणि अनौपचारिक ही विभागणी बोलण्याच्या सुराची आहे, प्रकारांची नव्हे. हर्णैला होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात, मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर येते आणि वाळूवरच तिच्याभोवती माणसांचे कडे पडते. तेथे कोणी कोणाला ‘अहो’ म्हणत नाही, मध्येच थट्टामस्करी चालते, म्हणजे सूर अगदी घरगुती असतो. नियम मात्र इतके कडक असतात की एखाद्या सभेलाही तितके नसावेत. आकडा कोणी पुकारायचा, वाढवायचा असेल तर कितीने वाढवायचा, ‘तीनवार’, म्हणजे तिसरा पुकार, झाल्यावर कोणी तोंड उघडायचे नाही, हे सारे ठरलेले असते आणि ते न शिकवता सर्वांना ठाऊक असते.

अमेरिकी अभ्यासक डेल हाइम्स यांनी १९६२ मध्ये असा आग्रह धरला की कोणत्याही समाजाची भाषा समजून घ्यायची तर केवळ व्याकरण पुरत नाही, त्या समाजात बोलण्याचे कोणकोणते प्रसंग घडतात हेही पाहावे लागते. पुढे त्यांनी त्यासाठी आठ गोष्टी सांगितल्या : स्थळकाळ, सहभागी माणसे, हेतू, बोलण्याचा क्रम, सूर, माध्यम, पाळायचे संकेत आणि वाङ्मयप्रकार. वर्गात हे आठही शिकवण्याची गरज नाही. मुलांना दोनच गोष्टी विचारून पाहा : येथे कोणाला केव्हा बोलता येते, आणि बोलून झाल्यावर काय बदललेले असते? गजालींत, म्हणजे कोकणातल्या मोकळ्या गप्पांत, कोणीही केव्हाही बोलावे आणि शेवटी काहीही बदललेले नसले तरी चालते. लिलावात मात्र शेवटच्या आकड्याबरोबर मासळीचा मालक बदलतो. हे बदलणे कोणत्याही कृतीने नव्हे, केवळ उच्चाराने होते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत हेच दाखवून दिले, की काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती स्वतःच कृती असतात.

मला विचाराल तर प्रकारांची उत्तम यादी मराठी भाषेनेच करून ठेवली आहे, आणि तीही एकाच धातूपासून. ‘बोलणे’ म्हणजे साधे बोलणे, ‘बोलणी करणे’ म्हणजे वाटाघाट, ‘बोलणी खाणे’ म्हणजे रागावून घेणे, ‘बोलाचाली’ म्हणजे शब्दाने शब्द वाढणे, ‘बोलवा’ म्हणजे तोंडोतोंडी पसरलेली वार्ता, ‘बोल लावणे’ म्हणजे दोष देणे आणि ‘अबोला’ म्हणजे ठरवून न बोलणे. यांत ‘बोली’ हा शब्द मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. प्रदेशाची भाषा ती बोली, लिलावातला आकडा तीही बोली आणि ‘या बोलीवर मी आलो’ असे म्हणताना ठरलेली अट, तीही बोलीच. बोललेला शब्द माणसाला बांधून ठेवतो, ही जाण या एका शब्दात साठवलेली आहे.

लिलावाच्या शेजारी घासाघीस ठेवली म्हणजे मुलांना फरक चटकन कळेल. बाजारात कोळीण वाट्याचे शंभर सांगते आणि गिऱ्हाईक सत्तर म्हणते, तेव्हा दोघांपैकी कोणीही अजून बांधले गेलेले नसते. मात्र कोळणीने ‘घ्या’ म्हटल्यावर गिऱ्हाईक पाठ फिरवून चालू लागले तर तिला राग येतो, आणि तो योग्यच असतो, कारण त्या एका शब्दाने घासाघीस संपून व्यवहार सुरू झालेला असतो.

प्रश्न : मी लग्नानंतर नागपूरहून मालवणजवळच्या एका गावात आले. घराबाहेर पाऊल टाकले की ‘खंय चल्लंस?’ (कुठे निघालीस?) आणि परत आले की ‘आज काय रांदलंस?’ असे प्रत्येक जण विचारतो. सुरुवातीला मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर देत असे, आता मला ती पाळत वाटू लागली आहे. यात माझे काही चुकते का?

उत्तर : तुमचे चुकत नाही. एका प्रकारचे बोलणे तुमच्या कानाला दुसऱ्या प्रकारचे वाटते आहे, एवढेच. ‘खंय चल्लंस?’ हे वाक्य व्याकरणाने प्रश्न असले तरी गावात ते नमस्काराच्या जागी वापरले जाते. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हवापाणी, ख्यालीखुशाली, डोळ्यांना दिसते आहे तेच पुन्हा विचारणे, या बोलण्याचा हेतू माहिती मिळवणे हा नसतो, दोन माणसांमधला धागा तुटलेला नाही याची खात्री करून घेणे हा असतो, असे त्यांनी मांडले. न बोलता जवळून जाणारा माणूस इतरांना अस्वस्थ करतो, हेही त्यांनी नोंदवले आहे.

कोकणातल्या वस्तीची रचना ध्यानात घेतली तर हे अधिक पटेल. येथे घरे एकमेकांपासून सुटी, आपापल्या वाडीत वसलेली असतात आणि पायवाट पुष्कळदा कोणाच्या तरी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेने किंवा गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून जाते. अशा वाटेने मुकाट्याने निघून जाणे म्हणजे जवळजवळ त्या घरातून न विचारता जाण्यासारखेच असते. म्हणून खळ्यातला माणूस विचारतो आणि वाटेवरचा माणूस उत्तर देतो. उत्तरही ठरलेले असते, ‘हंयच’ (इथेच) किंवा ‘जरा बाजारात’. तेवढे पुरते. तुम्ही जेव्हा कोणाकडे, कशासाठी आणि किती वेळ हे सांगू लागता, तेव्हा समोरचा माणूसही मनातून गोंधळत असला पाहिजे, कारण त्याने ते विचारलेलेच नव्हते.

तरीही तुमच्या मनातली शंका मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. विचारपूस आणि चौकशी यांमधली रेघ पुसट असते आणि विचारपुशीच्या आडून चौकशी करणारी माणसे प्रत्येक गावात असतात. माझ्या अनुभवात एक खूण उपयोगी पडते. विचारणाऱ्याचे पाय किंवा हात थांबले का, ते पाहावे. सुपारी सोलता सोलता, हातातले काम न सोडता विचारले तर ती विचारपूस समजावी. विळी बाजूला ठेवून, पुढे येऊन, तुमच्या पहिल्या उत्तरावर दुसरा प्रश्न आला तर ती चौकशी, आणि तिला ‘हंयच’ एवढेच उत्तर देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तुमच्या माहेरीही असे ठरीव बोल असतीलच. बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नये म्हणून ‘लांब निघालात का?’ असे विचारणारी वडीलधारी माणसे आणि निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारे पाहुणे महाराष्ट्रभर भेटतात. ‘येतो’ म्हणणारा पाहुणा खरोखर केव्हा परत येणार, हे कोणी विचारत बसत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दुबईला नोकरी करतो. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघेही एकदम बोलू लागतो, मग दोघेही एकदम गप्प होतो. समोरासमोर असे कधी होत नाही. हा वयाचा दोष आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वयाचा दोष मुळीच नाही. समोरासमोर बोलताना पाळी बदलण्याचे काम माणसे किती अचूकपणे करतात याची आपल्याला कल्पना नसते. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी ध्वनिमुद्रित संभाषणांच्या आधारे १९७४ मध्ये दाखवले की बोलणारा एक तर पुढची पाळी कोणाला तरी देतो, नाही तर जो आधी बोलू लागेल तो ती घेतो, आणि तसेही झाले नाही तर पहिलाच पुढे बोलत राहतो. पुढे २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांची तुलना झाली. तीत प्रश्न आणि उत्तर यांमधले अंतर सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग आढळले. जपानीत ते सर्वांत कमी आणि डॅनिशमध्ये सर्वांत जास्त होते, पण तरीही फरक सेकंदाच्या अंशातलाच होता.

आता यात यंत्राने होणारा उशीर मिळवा. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलण्यात अडथळा जाणवत नाही. रेंज नीट नसेल तर उशीर याहून पुष्कळ वाढतो. तुम्ही थांबता, मुलाचा आवाज येत नाही म्हणून पुन्हा सुरू करता आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचे वाक्य येऊन पोचते.

मच्छीमार होडीवरच्या वायरलेसवर वाक्य संपले की ‘ओव्हर’ म्हणतात, म्हणजे पाळी उघडपणे दुसऱ्याच्या हाती देतात. तुम्ही वाक्याच्या शेवटी ‘तू सांग’ म्हणा. आणखी एक गोष्ट म्हणजे ऐकताना आपण जो हुंकार देतो तो कॉलवर उशिरा पोचतो आणि बोलणाऱ्याला तो व्यत्ययासारखा लागतो. म्हणून तेथे तोंडाने ‘हूं’ न म्हणता मान हलवावी.

प्रश्न : माझी बदली देशावरून वेंगुर्ल्याला झाली आहे. कार्यालयात येणारे वयस्कर लोक मला सरळ ‘तू’ म्हणतात, आपसांत तर ‘मेल्या’ म्हणून हाक मारतात. हा उद्धटपणा मानावा का?

उत्तर : मानू नये. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपातील भाषांतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा अभ्यास करून सांगितले की या सर्वनामांवर दोन गोष्टींचा ताबा असतो, अधिकार आणि जवळीक. ज्या समाजात जवळीक वरचढ असते तेथे ‘तू’ची व्याप्ती वाढते. मालवणी बोलीत ‘तू’ पुष्कळ दूरवर पोचतो, वडीलधाऱ्यांपर्यंत आणि कधी साहेबापर्यंतही. आदर तेथे सर्वनामात नव्हे, तर ‘रे’, ‘गो’ यांच्या लांबीत, आवाजाच्या पट्टीत आणि ‘बस, चाय घे’ या आग्रहात शोधावा लागतो. ‘मेल्या’ हा शब्द तर परक्याला उद्देशून सहसा वापरला जात नाही. तो तुमच्या वाट्याला येईल तेव्हा गावाने तुम्हाला आपले मानले, असे खुशाल समजावे.

प्रश्न : मी मूळचा कणकवलीकडचा, नोकरीनिमित्त मुंबईत असतो. जत्रेला गावी गेलो की देवळात गाऱ्हाणे ऐकतो आणि मीही सर्वांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. हा संवाद म्हणायचा की प्रार्थना? देव तर उत्तर देत नाही.

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण या बोलण्याला मराठीत तोड नाही असे मी मानत आलो आहे. आधी शब्दाकडे पाहू. इतरत्र गाऱ्हाणे ‘मांडतात’ किंवा ‘सांगतात’ आणि त्याचा अर्थ तक्रार असा होतो. दक्षिण कोकणात गाऱ्हाणे ‘घालतात’ आणि ते ग्रामदेवतेपुढे घातलेले साकडे असते. गुरव, घाडी किंवा मानकरी ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करतो, गावाच्या देवदेवतांना आवाहन करतो, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचे रक्षण कर, कोणी वाईट चिंतले असेल तर ते दूर कर, असे एकेक मागणे मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमाव ‘व्हय म्हाराजा’ असा होकार देतो. हे कोठे लिहिलेले नसते. सांगाडा परंपरेचा आणि त्यात भरायचा मजकूर त्या दिवसाचा असतो. दशावतारातही कथा सर्वांना माहीत असते आणि संवाद नटाने रंगमंचावरच रचायचे असतात, त्याच जातीचे हे कौशल्य आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. गजालींत पाळी कोणाकडे जाईल ते आधी ठाऊक नसते. गाऱ्हाण्यात सारेच ठरलेले असते आणि जमावाला एकच वाक्य दिलेले असते. तरी ते एक वाक्य म्हणजे केवळ साथ नव्हे. ते उच्चारणारा त्या मागण्यात सामील होतो. कोणा आजारी माणसासाठी, कोणा अडलेल्या कुटुंबासाठी मागणे घातले गेले आणि तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणालात, तर त्या माणसाचे भले व्हावे असे तुम्ही गावासमक्ष बोललेले असता. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ मध्ये ऐकणाऱ्यांचे प्रकार वेगळे केले : ज्याला उद्देशून बोलले जाते तो, समोर हजर असलेला पण उद्दिष्ट नसलेला, आणि आडून ऐकणारा. गाऱ्हाणे देवाला उद्देशून असते, पण ते मोठ्याने म्हटले जाते, कारण ते शेजाऱ्यानेही ऐकायचे असते. ज्याच्याशी तंटा आहे तो माणूसही त्याच जमावात उभा असतो आणि होकाराला त्याचाही आवाज मिळालेला असतो.

देव उत्तर देत नाही, असे तुम्ही म्हणता, पण गावाच्या रीतीत देवालाही पाळी ठेवलेली आहे. कौल लावतात तेव्हा पाषाणाला लावलेली फुले किंवा कळे उजवीकडून पडली तर देवाने होकार दिला असे समजतात. माणसाने विचारायचे, मग सर्वांनी श्वास रोखून थांबायचे आणि उत्तर मिळेपर्यंत कोणी बोलायचे नाही. संवाद म्हणून पाहिले तर इतका धीर धरून दिलेली दुसऱ्याची पाळी माझ्या पाहण्यात अन्यत्र नाही.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, एकच मूळ घर, मध्ये भिंत. सामाईक जमिनीच्या वादातून काही वर्षांपासून अबोला आहे. काही सांगायचे असेल तर मी माझ्या मुलीला मोठ्याने म्हणतो, ‘काकाला सांग, पंपाचं बिल आलंय’, आणि तो भिंतीपलीकडून तिलाच उत्तर देतो. तुमच्या सदरात हे बसते की नाही माहीत नाही, पण हे बोलणे आहे की नाही, ते सांगावे.

उत्तर : हे बोलणेच आहे, आणि तुम्ही दोघांनी ते इतकी वर्षे तुटू दिलेले नाही. वरच्या पत्राच्या उत्तरात सांगितलेली गोष्ट येथेही लागू पडते. शब्द मुलीला उद्देशून असतात आणि पोचायचे असतात भिंतीपलीकडे. मराठीत याला ‘लेकी बोले सुने लागे’ असा जुना वाक्प्रचार आहे, फक्त तो टोमण्यासाठी वापरला जातो आणि तुम्ही ती वाट निरोपासाठी वापरता आहात. अबोल्यालाही नियम असतात. कोणासमोर तो पाळायचा, आजारपणात किंवा कोणाच्या मृत्यूच्या वेळी तो बाजूला ठेवायचा का, आधी तोंड कोणी उघडायचे, हे दोन्ही बाजूंना नेमके माहीत असते. शेवटचा नियम सर्वांत जड असतो, कारण आधी बोलणारा हरला असे मानले जाते.

माझी एक काळजी मुलीविषयी आहे. निरोप नेणाऱ्या मुलाला शब्दांबरोबर सूरही न्यावा लागतो आणि तो आपल्या मनाने मवाळ किंवा कडक करण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. ती मोठी होते आहे. हे ओझे तिच्यावर फार काळ ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

तुम्ही सल्ला मागितलेला नाही, पण प्रश्न ज्या तळमळीने लिहिला आहे त्यावरून तो द्यावासा वाटतो. जमिनीचे बोलणे आधी काढू नका, ती बोलणी आहेत आणि त्यांसाठी मध्यस्थ आणि कागद लागतील. ‘झाले गेले विसरू’ असेही म्हणू नका, कारण त्याला काय उत्तर द्यावे हे भावाला सुचणार नाही आणि तो गप्प राहील. भाषेत काही वाक्ये जोडीने येतात, हाकेला ओ आणि प्रश्नाला उत्तर. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ मध्ये दाखवले की जोडीतले पहिले उच्चारले गेले की दुसऱ्याची जागा तयार होते आणि ती रिकामी राहिली तर ते सर्वांना जाणवते. म्हणून ज्याला एका शब्दात उत्तर देता येते आणि जे दिल्याने कोणाचा हक्क बुडत नाही, असे काहीतरी विचारा. मूळ घर एकच आहे, तेव्हा गणपतीही एकच असणार आणि चतुर्थीला दोघेही त्याच्यासमोर उभे राहत असणार. त्या दिवशी मुलीला मध्ये न घेता, भावाकडे पाहून, समई लावायच्या वेळी विचारा, ‘वात तुझ्याकडे आहे का रे?’